जंगलातला बारीक काटेरी कोळी ओळखायचाय? आयनॅचरलिस्टचा माझा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. झुडपावर सापडलेला बारीक, विचित्र दिसणारा कोळी ओळखायचा असेल तर आयनॅचरलिस्ट, म्हणजे फोटोवरून जीव ओळखायची सेवा, बिनधास्त वापरा. पण त्यात फोटो बघून नाव सुचवणारं मशीन आहे म्हणून नाही, तर तिथे कोळ्यांवर मनापासून जीव असलेली माणसं आहेत म्हणून. मशीनचं काम एवढंच की तुमचा फोटो त्या माणसांच्या नजरेपर्यंत पोचावा, आणि लहान कोळ्यांच्या बाबतीत मशीनकडून मी तरी याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही.

आता कोळी कसला होता ते सांगते कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. दाट जंगलात सावलीतलं कमरेएवढं झुडूप, त्याच्या एका फांदीच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी होतं, लांबून बघितलं तर वाळलेली कळी किंवा बीच वाटावं असं. जवळून बघितलं तर त्याला पाय होते, तेही आखूड आणि अंगाशी ओढून घेतलेले, पोट एकदम टणक दिसणारं आणि त्यावर काटे, आणि डोक्याचा भाग पुढून असा वर उचललेला की डोळे जणू छोट्या टेकाडावर बसवलेत. हलत अजिबात नव्हता. आणि नेहमीचं गोल जाळं कुठेच नाही, फक्त एक धागा, फांदीपासून शेजारच्या फांदीपर्यंत जवळजवळ आडवा गेलेला, आणि हा त्या धाग्याच्या एका टोकाला पकडून बसलेला. एवढंच. मला त्या एका धाग्यानेच पकडलं खरं तर, कारण कोळी म्हटलं की आपण जाळं शोधतो आणि इथे जाळं म्हणावं असं काही दिसतच नव्हतं.

आयनॅचरलिस्टवर टाकण्याआधी मी दुसरं एक ॲप वापरून बघितलं, नाव सांगत नाही, असली ढीगभर ॲप्स आहेत, फोटो काढा आणि झटक्यात उत्तर मिळवा अशी जाहिरात करणारी. त्याने लगेच स्पीशीजपर्यंत (म्हणजे नेमक्या जातीपर्यंत) नाव दिलं, तेही पूर्ण खात्रीने, गॅस्टरकँथाची एक जात म्हणून. सोबत छान माहिती, विषारी आहे की नाही, कुठे राहतो वगैरे सगळं. आता गॅस्टरकँथा म्हणजे ते रंगीत काटेरी पोटाचे कोळी, गोल जाळ्याच्या मधोमध बसलेले दिसतात ते, ज्यांच्या मादीच्या पोटाला बहुतेक जातींत सहा काटे असतात. काटे बघून तो अंदाज लावला असणार हे समजू शकतं, पण बाकी काहीच जुळत नव्हतं. गॅस्टरकँथाची पूर्ण वाढलेली मादी बरीच मोठी, हा कोळी जेमतेम तीन मिलिमीटर. गॅस्टरकँथाचं पोट लांबीपेक्षा रुंदीला जास्त, याचं तसं नाही. तो गोल चाकासारखं जाळं विणतो आणि बऱ्याचदा त्यावर पांढऱ्या रेशमाचे छोटे पुंजके लावतो, इथे एक धागा. लहान पिल्लू असेल म्हणावं तर गोल जाळं विणणाऱ्यांची पिल्लंही गोल जाळंच विणतात. म्हणजे उत्तर चुकीचं आहे हे कळायला तज्ज्ञ असायची गरज नव्हती. पण त्या ॲपमध्ये 'हे चूक आहे, कारण असं असं' असं कोणाला सांगायचं? सांगायला जागाच नाही. तुम्ही मान्य करा नाहीतर बंद करा. माझा खरा आक्षेप इथे आहे. चुकीचं नाव येणं हा भाग ठीक आहे, कोळ्यांमध्ये ते होणारच, पण चूक सुधारायची सोयच नसेल तर ते उत्तर तसंच राहतं आणि पुढच्या माणसालाही तेच मिळतं.

तर आयनॅचरलिस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही मोफत सेवा आहे, वेबसाइट आणि ॲप दोन्ही, २००८ मध्ये बर्कलीतल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मास्टर्सच्या प्रोजेक्टमधून सुरू झाली, नंतर कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि नॅशनल जिओग्राफिक सोसायटी यांच्यासोबत होती आणि २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. तुम्ही जंगली जिवाचा फोटो, तारीख आणि जागा टाकता, त्याला तिथे ऑब्झर्वेशन म्हणतात, आणि मग कोणीही येऊन ते काय आहे ते सांगू शकतं. फोटो बघून नावं सुचवणारा भाग २०१७ मध्ये आला.

मशीनबद्दल मला जे आवडलं ते म्हणजे ते स्वतःची मर्यादा ओळखतं. माझे फोटो टाकल्यावर वरच्या ओळीत त्याने कुठल्याही स्पीशीजचं नाव ठोकून दिलं नाही, आधी मोठा गट सांगितला, म्हणजे एवढ्याबद्दल आम्हाला बऱ्यापैकी खात्री आहे, आणि त्याखाली शक्यतांची यादी, कुठली जवळपास सापडते असं अपेक्षित आहे त्याची खूण लावून. ही रचना बारीक कोळ्यांसाठी फार महत्त्वाची आहे आणि बरेच लोक इथेच घाई करतात. यादीतलं फोटोशी जुळणारं पहिलं नाव दाबून मोकळे होतात. तसं करू नका. त्या मशीनला फक्त तीच नावं येतात ज्यांचे पुरेसे फोटो त्याला शिकवलेले असतात. फुलपाखरं, पक्षी यांच्यात ते जबरदस्त चालतं कारण फोटोंचा पाऊस आहे. पण दोन-तीन मिलिमीटरच्या, झुडपात लपून बसणाऱ्या कोळ्यांचे फोटो काढणारे किती असणार? ज्या स्पीशीजचे फोटोच नाहीत तिचं नाव यादीत येणार तरी कुठून. म्हणजे तुमचा कोळी जितका वेगळा तितकी ती यादी कमी कामाची. म्हणून मी 'कोळी' एवढंच, म्हणजे ऑर्डरच्या पातळीवर टाकलं (वर्गीकरणाच्या पायऱ्या अशा, ऑर्डरमध्ये फॅमिली, फॅमिलीत जीनस, जीनसमध्ये स्पीशीज), खाली नोंद लिहिली की एकच आडवा धागा होता, कोळी टोकाला बसलेला, अंदाजे इतका लांब, झुडूप सावलीत. आणि सोडून दिलं.

काही दिवस काही झालं नाही. हे आधीच सांगते कारण बरेच जण इथे वैतागून निघून जातात. ही तातडीची सेवा नाही. ओळखणारे सगळे स्वतःच्या वेळात, हौसेने किंवा आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून करतात, आणि कोळ्यांची रांग मोठी आहे. घरात कोळी चावला आणि आत्ता कळायला हवं असा प्रसंग असेल तर सरळ डॉक्टरांकडे जा, ॲप उघडून बसू नका.

मग एकाने फॅमिली टाकली, थेरिडिडी. थोड्या वेळाने दुसऱ्या कोणीतरी येऊन विचारलं की बाजूने काढलेला फोटो आहे का, आणि डोळ्यांकडून समोरचा? माझ्याकडे होते पण मी टाकले नव्हते, धूसर होते म्हणून. त्या बाईंनी लिहिलं की धूसर असले तरी टाका, काट्यांची मांडणी बाजूनेच कळते. टाकले. आणि मग नाव आलं, फोरोन्सिडिया. सोबत चार ओळींत कारण, डोळ्यांचा भाग असा वर उचललेला, पोट कडक आणि काटेरी, पाय आखूड, आकार बारीक, आणि एका धाग्याचं जाळं. वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले. कारण मला जी गोष्ट सगळ्यात विचित्र वाटली होती, तो एक धागा, तीच ओळखीची खूण निघाली.

इथे जरा थांबते कारण हा कोळी खरंच सांगण्यासारखा आहे. फोरोन्सिडिया हे जीनस वेस्टवूडने १८३५ मध्येच नोंदवलेलं आहे, जगभरात साधारण ऐंशीच्या आसपास जाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या, पण काही उत्तर अमेरिकेत, दक्षिण युरोपात, जपानमध्येही. काहींना लांब काटे, काहींना नुसते उंचवटे, काही एकदम गोळा. मादागास्करची एक जात लाल-रुपेरी चमकते, आणि जतन करायला अल्कोहोलमध्ये ठेवलं की सहसा कोळ्यांचे भडक रंग उडून जातात, हिचा लाल मात्र टिकतो. थेरिडिडी फॅमिलीत अडीच हजारांच्या वर जाती आहेत आणि घराच्या कोपऱ्यात अस्ताव्यस्त, गुंतागुंतीचं जाळं करणारे कोळी याच फॅमिलीतले. त्यांच्या मागच्या पायाच्या टोकाला दातेरी केसांची ओळ असते, तिच्या मदतीने ते भक्ष्यावर चिकट रेशीम फेकतात. एवढ्या जाळं करणाऱ्या कुटुंबात या पठ्ठ्याने जाळं कमी करत करत एका धाग्यावर आणून ठेवलंय.

आणि एका धाग्यावर पोट कसं भरतं? विल्यम एबरहार्ड नावाचे कोळी-अभ्यासक, त्यांनी १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फोरोन्सिडिया स्टुडोवर लिहिलं. त्या धाग्याचा काही भाग चिकट असतो, कोळी टोकाला बसून तो ताणून धरतो. नुसत्या योगायोगाने एका धाग्याला किती माशा अडकणार, पण एबरहार्ड यांना असं दिसलं की बारीक नाजूक माशा त्या धाग्याकडे ओढल्या जात असाव्यात, म्हणजे धाग्यावर किंवा कोळ्याकडून काहीतरी वास येत असावा असा अंदाज. हे मला त्या ऑब्झर्वेशनखालच्या गप्पांतून कळलं. त्या झटपट ॲपने मला गॅस्टरकँथाचं तयार पान दिलं असतं आणि मी ते वाचून फोन खिशात टाकला असता, त्या धाग्याबद्दल कधीच काही कळलं नसतं. माझ्यासाठी या सेवेची किंमत इथे आहे.

पण स्पीशीज? नाही कळली. आणि याच ठिकाणी मला आयनॅचरलिस्ट सगळ्यात जास्त पटलं.

कोळ्यांची स्पीशीज ठरवायला बहुतेक वेळा जननेंद्रियं बघावी लागतात, तीही मायक्रोस्कोपखाली. पूर्ण वाढलेल्या नराचे तोंडाजवळचे दोन छोटे अवयव असतात, पाल्प, त्यांची टोकं फुगीर आणि आत इतकी बारीक रचना की प्रत्येक जातीची वेगळी. मादीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक कडक भाग असतो, एपिजाइन, तो तसाच. कोळी शेवटची कात टाकेपर्यंत हे अवयव पूर्ण तयार होत नाहीत, म्हणून पिल्लू असेल तर अनेकदा मोठमोठ्या तज्ज्ञांनाही जीनसच्या पुढे जाता येत नाही. फोटोवरून काही जाती ओळखता येतात, रंगरूप एकदम वेगळं असेल तर, पण फोरोन्सिडियासारख्या गटात जिथे अजून नव्या जाती सापडतात तिथे काटे मोजून नाव ठोकणं म्हणजे अंदाजपंचे. त्या बाईंनी स्पष्ट लिहिलं, जीनसपर्यंत खात्री आहे, पुढे फोटोवरून जाणार नाही. मला हे उत्तर अपूर्ण वाटलं नाही, उलट हे खरं उत्तर आहे, आणि त्या झटपट ॲपने मला हे दिलं नसतं कारण त्याच्याकडे 'इथपर्यंतच कळतं' असं म्हणायची पद्धतच नाही.

आयनॅचरलिस्टमध्ये ती पद्धत आहे आणि नीट बांधलेली आहे. ऑब्झर्वेशनवर फोटो, तारीख, जागा असेल, जीव पाळलेला नसेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशाहून जास्त लोकांचं स्पीशीजवर एकमत असेल, किमान दोन जण लागतातच, तर ते रिसर्च ग्रेड होतं आणि लायसन्स योग्य असेल तर जीबीआयएफ नावाच्या जागतिक डेटा साठ्यात जातं, जिथून संशोधक वापरतात. स्पीशीजपर्यंत जाणं शक्यच नसेल तर खाली एक प्रश्न असतो, ओळख आणखी सुधारता येईल का, तिथे लोक 'नाही, एवढीच शक्य आहे' असं मत देऊ शकतात. एकमत फॅमिलीच्या खालच्या पातळीवर असेल, म्हणजे जीनस वगैरे, तर तेही रिसर्च ग्रेड होऊ शकतं. म्हणजे 'जीनसपर्यंतच' हे उत्तर इथे दुय्यम धरलं जात नाही. फक्त ते बटण तुम्ही स्वतः घाईने दाबू नका, उद्या कोणीतरी त्या भागातल्या जातींवर काम करणारा येईल आणि त्याला काट्यांवरून पुढे जाता येईल, त्याच्यासाठी दार उघडं राहू द्या.

आता ॲग्री बटणाबद्दल, कारण यावर मला खरंच राग येतो. कोणीतरी तुमच्या कोळ्याला नाव दिलं की शेजारी ॲग्री दिसतं. लोक आभार मानायला म्हणून ते दाबतात. सरळ चांगुलपणाने करतात मान्य, पण त्याचा परिणाम असा होतो की एका माणसाचा अंदाज आणि तुमचं सौजन्य मिळून दोन मतं होतात आणि ऑब्झर्वेशन रिसर्च ग्रेड होऊन बसतं, जेव्हा खरं तर ते एकाच माणसाचं मत असतं. आणि मशीन पुढे अशाच नोंदींवरून शिकतं. तुम्हाला स्वतःला ती खूण दिसली, पटली, तुम्ही दुसऱ्या जवळच्या जीनसशी ताडून बघितलंत, तरच ॲग्री करा. आभार मानायला कॉमेंट आहे ना, दोन शब्द लिहा, त्या माणसाला ते जास्त आवडेल. मी फोरोन्सिडियाला ॲग्री केलं ते बरंच वाचून, इतर फोटो बघून, त्या डोळ्यांच्या टेकाडाची खात्री झाल्यावर.

फोटोंबद्दल लिहायलाच हवं कारण या सेवेतून काय मिळेल ते तुम्ही काय देता यावर आहे. लोक एकच फोटो टाकतात, वरून काढलेला, आणि बहुतेक वेळा त्यातला अर्धा भाग पानाचा. कोळ्यासाठी माझी आता पद्धत अशी, आधी लांबून एक, जसा सापडला तसा, झुडूप आणि जाळं दिसेल असा, तो सुंदर नसला तरी चालतो. मग वरून, बाजूने, समोरून डोळे, आणि जमलं तर खालून. खालून काढायला पारदर्शक डबीत अलगद घेता येतो आणि नंतर त्याच फांदीवर सोडता येतो. समोरचा फोटो सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा, कारण डोळ्यांची मांडणी हे फॅमिली ओळखायचं पहिलं साधन आहे. पुढचे दोन डोळे मोठे, तुमच्याकडेच बघताहेत असे, तर जंपिंग स्पायडर. डोळे षटकोनात आणि पायांवर उभे लांब काटेरी केस तर लिंक्स स्पायडर. पुढच्या दोन पायांच्या जोड्या लांब आणि खेकड्यासारख्या पसरलेल्या तर क्रॅब स्पायडर. झुडपांवर हे तिन्ही भरपूर असतात, त्यामुळे एवढं जरी फोटोत आलं तरी ओळखणाऱ्याचं अर्धं काम होतं. सगळे फोटो एकाच ऑब्झर्वेशनमध्ये टाका, वेगवेगळी करू नका, नाहीतर एकाच कोळ्याच्या चार नोंदी होतात आणि ओळखणारा वैतागतो. आणि नर-मादी दोघं एकत्र असतील तर ते मात्र दोन जीव, दोन नोंदी.

आकार लिहाच. फोटोत मोहक दिसणारा कोळी दोन मिलिमीटरचा की वीस हे कॅमेऱ्याला कळत नाही, आणि माझ्या बाबतीत आकारानेच अर्धा निकाल लागला. जवळ मिलिमीटरची पट्टी धरता आली तर उत्तम, नाहीतर बोट शेजारी ठेवून एक फोटो.

मोबाइलला मॅक्रो मोड असेल तर तीन मिलिमीटरच्या कोळ्यासाठी तो कसाबसा पुरतो, क्लिपवाली लेन्स लावली की फरक एकदम दिसतो, मात्र मग कोळ्याच्या इतकं जवळ जावं लागतं की तुमचीच सावली त्याच्यावर पडते. बाजूने पांढरा कागद धरला की उजेड परततो आणि चकाकी कमी होते. कडक पोटाच्या कोळ्यांवर थेट फ्लॅश मारू नका, काटे सगळे पांढरे होऊन जातात. धागा टिपायचा असेल तर मागे गडद काहीतरी येईल असं उभं राहा आणि उजेड बाजूने येऊ द्या. माझा धाग्याचा फोटो असाच मिळाला. आणि कृपा करून स्क्रीनशॉट टाकू नका, मूळ फोटो टाका, त्यातच तारीख-वेळ आणि जागा असते, स्क्रीनशॉटमध्ये ती सगळी जाते.

याच्या जोडीला वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग वापरा असं मी सांगेन, पण त्याच्याकडून ओळखीची अपेक्षा ठेवू नका, त्याचं काम वेगळं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून चालतो, जगातल्या सगळ्या नोंदलेल्या कोळ्यांची नावं, कुठे सापडतात, कोणी कधी वर्णन केलं, पूर्वी कुठल्या नावाने ओळखत, हे सगळं तिथे. २०२२ मध्ये या यादीने पन्नास हजार जातींचा टप्पा गाठला. फोटो बघून जुळवायची ही जागा नाही, पहिल्यांदा उघडलं की कोरडं वाटेल. पण जीनस कळलं की याच्यासारखं काही नाही, कारण त्या जीनसच्या कुठल्या जाती तुमच्या भागातून नोंदलेल्या आहेत ते एका पानात दिसतं, आणि मोफत नोंदणी केली की जुने मूळ शोधनिबंधही बघायला मिळतात, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या हाताने काढलेल्या चित्रांसकट. मी त्या यादीत फोरोन्सिडिया उघडून बसले तर वेळेचं भानच राहिलं नाही. एक सावधगिरी, यादीत तुमच्या भागात एकच जात दिसली म्हणून तुमचा कोळी तीच असं धरू नका. ज्या जंगलात कोणी नीट शोधलंच नाही तिथली यादी लहानच असणार.

सीक नावाचं आयनॅचरलिस्टवाल्यांचंच दुसरं ॲप आहे, कॅमेरा रोखला की नाव सांगणारं, अकाउंट लागत नाही. मुलांसोबत फिरताना झाडं-फुलपाखरं बघायला छान. पण त्यात माणसं नाहीत, आणि अशा कोळ्यासाठी तर माणसंच हवीत, म्हणून या कामाला ते पुरत नाही.

तक्रार करण्यासारखं काय आहे? नव्या माणसाला सुरुवातीला गोंधळायला होतं, ऑर्डर-फॅमिली-जीनसच्या पायऱ्या, कोणाच्या मताने नाव बदललं, एकदम वरच्या पातळीवर का गेलं, हे समजायला वेळ जातो. दोघांनी वेगवेगळी जीनस सांगितली की तुमचं ऑब्झर्वेशन पुन्हा फॅमिलीवर जाऊन बसतं, नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, जिथपर्यंत एकमत आहे तिथपर्यंतच ते दाखवतं, आणि मला तरी ते योग्यच वाटतं. दुसरं, कोळी ओळखणारे कमी आहेत आणि त्यातले बरेच काही ठरावीक गटांवरच काम करतात, त्यामुळे काही फोटो वर्षानुवर्षं 'कोळी' म्हणूनच पडून राहतात. यावर उपाय ॲपकडे नाही, आपल्याकडे आहे. तुम्हाला जंपिंग स्पायडर आणि क्रॅब स्पायडर वेगळे करता येत असतील तर नुसत्या 'कोळी' म्हणून पडलेल्या नोंदी बघत बसा आणि फॅमिलीत ढकला, म्हणजे त्या फॅमिलीचा जाणकार जेव्हा येतो तेव्हा त्याला त्या दिसतात. माझ्या कोळ्यालाही ज्याने आधी नुसतं थेरिडिडी लिहिलं त्याच्यामुळेच तो पुढच्या बाईंच्या नजरेला पडला.

सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघून घ्या. एक, जागा. उघडी, अस्पष्ट किंवा खाजगी असे तीन पर्याय आहेत. अस्पष्ट ठेवलं की नकाशावर नेमका बिंदू दिसत नाही, ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकटीतला कुठलातरी बिंदू दिसतो, म्हणजे विषुववृत्ताजवळ एका बाजूला साधारण बावीस किलोमीटर. टॅरँट्युलासारखे कोळी विक्रीसाठी पकडून नेले जातात, तसलं काही सापडलं तर जागा उघडी ठेवूच नका, आणि घराच्या अंगणातली नोंद असेल तरी अस्पष्ट करा. तीन मिलिमीटरच्या फोरोन्सिडियाला मी उघडी ठेवली, कारण तो नेमका कुठल्या जंगलात, किती उंचीवर सापडला हे अभ्यास करणाऱ्याला कळायला हवं.

दुसरी गोष्ट लायसन्स. फोटो आणि नोंद दोन्हीला वेगवेगळं लायसन्स असतं आणि जीबीआयएफ फक्त ठरावीक खुली लायसन्स असलेल्या नोंदीच घेतं, श्रेय देऊन बिगर-व्यावसायिक वापराला परवानगी देणारं त्यात चालतं. 'सर्व हक्क राखीव' ठेवलंत तर तुमचा कोळी साइटवर दिसेल, लोक ओळखतीलही, पण जीबीआयएफपर्यंत पोचणार नाही. फोटोंची काळजी असेल तर फोटोंना कडक लायसन्स ठेवा, पण निदान नोंदीला तरी खुलं द्या. अकाउंटच्या सेटिंगमध्ये एकदा बदललं की जुन्या नोंदींनाही लावायचं का असं विचारतं, तिथे हो म्हणा.